घडीघडी की निरखून

मामा, तुमच्या घरात कॅमेरे बसता बसता राहिले. सुहासनं पुण्याहून खोक्यासकट आणले होते. एक बैठकीसाठी, एक स्वयंपाकघरासाठी, एक गच्चीच्या जिन्यासाठी आणि एक तुमच्या झोपायच्या खोलीसाठी, जिथे आता मामी एकटी झोपते. तुम्ही असतात तर आधी कॅमेरा कोणत्या कोनात लावायचा हे लेकाला तासभर शिकवलं असतंत आणि मग लावूच दिला नसतात. तुम्ही नव्हतात, म्हणून ते काम माझ्यावर आलं. आणि मी ते तुमच्याच वाक्यानं केलं. ज्या वाक्याशी मी वर्षभर भांडत होते, त्याच वाक्यानं. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना, म्हणून लिहितेय.

माणूस गेल्यावर लोक म्हणतात, बरं झालं, आमचं सगळं बोलून झालं होतं. आपलं काहीही बोलून झालं नव्हतं. उलट भांडण अगदी रंगात आलं होतं. रविवारी ये, पोहे खात भांडू, असं तुम्ही फोनवर म्हणालात, आणि त्याच आठवड्यात एका दुपारी जेवून पडलात ते उठलाच नाहीत. झोपेत गेलात. सगळे म्हणाले, किती चांगलं मरण. मला मात्र त्या रविवारचा अजून राग येतो.

तुमची उभी नोकरी रडारच्या पडद्यापुढे गेली, आधी नागपुरात, मग इथे रायपुरात. आणि मी, तुमची भाची, नवा रायपुरातल्या एका लहानशा कंपनीत रडार बनवते. सदर बाजारात कोणी ओळखीचं भेटलं की तुम्ही स्कूटर भर रस्त्यात थांबवायचात, मागचे हॉर्न वाजवत राहायचे, आणि तुम्ही सावकाश माझी ओळख करून द्यायचात, "हे माह्या बहिणीची पोट्टी. मी रडार पाहू पाहू म्हातारा झालो, हे बनवून राहिली." त्यात कौतुक किती आणि टोमणा किती हे मला कधी कळलं नाही. दोन्ही असावं.

आपलं भांडण एका साध्या प्रश्नावर होतं. आकाशातल्या विमानाकडे किती वेळानं पुन्हा पाहायचं?

तुमच्या काळचं रडार गरगर फिरायचं. एक फेरी झाली की पडद्यावर विमानाचा एक ठिपका. मग पुढची फेरी होईपर्यंत काही नाही. चहाचा घोट घेऊन कप खाली ठेवावा एवढाच तो वेळ, पण तेवढ्यात विमान केवढं तरी पुढे जातं. ते कुठवर गेलं असेल हे मशीन अंदाजानं धरून चालायचं, आणि तुम्ही मशीनच्याही आधी डोक्यात धरून चालायचात. दोन ठिपक्यांच्या मधल्या त्या रिकाम्या जागेवर तुमचा फार जीव होता. तुम्ही म्हणायचात, ठिपका तर कोणीही पाहते, मधलं ज्याले दिसते तो आमचा माणूस.

आमचं रडार फिरत नाही. ते एका जागी बसून समोरचं सगळं आकाश एकदम पाहतं आणि त्याचं चित्र करतं, फक्त उजेडाऐवजी रेडिओ लहरींनी. फेरीची वाट पाहायची नाही, त्यामुळे नवं मोजमाप किती वेळानं द्यायचं हे आमच्या हातात. पापणी लवायच्या आत हवं तर तेही देता येतं. मी हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तुम्ही चष्मा काढून पुसलात. म्हणजे आता हा माणूस वाद घालणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामी उठून आत गेली.

आठवतं ना, अभनपुरच्या अलीकडे आम्ही चाचणीसाठी एक मोकळं शेत घेतलं होतं, तिथे तुम्हाला नेलं होतं? शिकाऊ वैमानिकांचं एक लहान विमान वर घिरट्या घालत होतं. मी मोठ्या ऐटीत मोजमापाचा वेग वाढवला. पडद्यावरचं विमान थरथरायला लागलं. वर आकाशात ते अगदी शांत चाललेलं, आणि आमच्या पडद्यावर कधी डावीकडे, कधी उजवीकडे. तुम्ही वर पाहिलंत, खाली पाहिलंत आणि विचारलंत, "हे कापून काहून राहिलं? थंडी वाजून राहिली का त्याले?" माझे दोन सहकारी तोंड फिरवून हसले.

मग मी वेग कमी केला. थरथर थांबली. पण तेवढ्यात विमान खरोखर वळलं, आणि आमच्या पडद्यावरचं विमान मात्र नाकासमोर सरळ निघून गेलं. आता हे अभनपुरच्या बाजारात भाजी घ्यायले चाललं, असं तुम्ही म्हणालात. तुमचा तो विजयी चेहरा मला आजही चीड आणतो.

अडचण खरी होती. लवकर लवकर मोजमाप हवं तर प्रत्येक पाहणं घाईत उरकावं लागतं, आणि घाईत पाहिलेलं धूसर असतं. नीट दिसावं म्हणून एकेक पाहणं लांबवावं, तर तोवर विमान वळून गेलेलं असतं. शेताच्या बांधावर बसून डब्यातल्या मामीच्या सांबारवड्या खाताना तुम्ही तुमचं ते वाक्य टाकलंत, "घडीघडी पाहून राहिली तू. मग निरखून कधी पाहशील?"

मी म्हटलं, मामा, तुमच्या वेळी पाहता येत नव्हतं म्हणून तुम्हाला न पाहण्याचं कौतुक आहे. ते तुम्हाला लागलं. घरी आल्यावर तुम्ही मामीला सांगितलंत की पोट्टीनं बरोबर जागी मारलं. हे मला मामीकडून कळलं, तेही आता.

तर कॅमेऱ्यांचं सांगते. तेरावं झालं, पाहुणे पांगले, सुहास आणि तुमची सून केतकी पुण्याला परत गेले. मामीनं इथेच राहायचं ठरवलं होतं आणि सुहासनं तोंडावर हो म्हटलं होतं. मनात नव्हतं त्याच्या. मी कामावरून येता-जाता डोकावत होते. मामी स्वयंपाक करायची, आल्या-गेल्याशी बोलायची, पण दुपारी पडायची मात्र नाही. जेवण झालं की अंगणात खुर्ची टाकून बसायची, नाही तर निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घ्यायची. खोलीकडे जायचीच नाही. मी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काय होतं त्यात.

एका दुपारी केतकीनं पुण्याहून फोन केला. बराच वेळ वाजला, मामीनं उचलला नाही. पुन्हा केला, तेव्हा उचलला. काय झालं आई, असं केतकीनं विचारलं. मामी म्हणाली, "काही नाही वं, पडून राहिली होती."

मामा, आता तुम्ही हसा. आपल्याकडे कोणी पडून राहिली म्हटलं की जरा आडवी झालीय असं समजून आपण म्हणतो, बरं, पडू दे बिचारीला. केतकी जन्मानं, शिक्षणानं, माहेरानं पुण्याची. तिच्या कानाला ते असं ऐकू आलं की सासूबाई पडल्या, आणि उठता येईना म्हणून तशाच पडून राहिल्या. ही तीच केतकी, जिनं लग्नानंतर सांबार चिरून दे म्हटल्यावर मामीकडे घाबरून पाहिलं होतं, आणि सांबार म्हणजे कोथिंबीर हे कळल्यावर खोलीत जाऊन एकटीच हसली होती. पण या वेळी हसण्यासारखं तिला काही दिसलं नाही. काही आठवड्यांपूर्वी तिचे सासरे दुपारचे पडले होते आणि उठले नव्हते. तिचं तरी काय चुकलं?

तिनं सुहासला कळवलं, सुहासनं मला. मी नवा रायपुरातून स्कूटर अशी काढली की वाटेत गतिरोधकांनी माझा हिशेब घेतला. धापा टाकत तुमच्या दारात उभी राहिले, तर मामी केस विंचरत समोर आली. तू या टायमाले काहून आली, जेवली का, असं विचारलं. पुण्याला मी लगेच फोन करून सांगितलं की मामी ठणठणीत आहे. पण सुहासचं डोकं तोवर फिरलेलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या विमानानं तो कॅमेरे घेऊन हजर.

त्याचं म्हणणं सरळ होतं. एक तर घरात कॅमेरे बसतील आणि तो फोनवर आईला कधीही पाहू शकेल, नाही तर आई त्याच्याबरोबर पुण्याला येईल. मामीचं म्हणणं त्याहून सरळ होतं. ती पुण्याला येणार नाही आणि कॅमेरेही नकोत. दोघं चहाचे कप समोर ठेवून माझ्याकडे पाहायला लागले. सुहास चिडला की हिंदीत जातो हे तुम्हाला माहीतच आहे. "दीदी, तू तो खुद यही काम करती है. तू बता ना इसको."

खरंच की. घडीघडी पाहणारी मीच. त्याला वाटलं, मी त्याच्या बाजूनं आहे. मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मग सुहास हळू आवाजात म्हणाला की बाबांच्या खोलीत कॅमेरा असता तर. वाक्य त्यानं पुरं केलं नाही. एवढ्या दिवसांत तो रडला नव्हता, मामा. तेव्हाही रडला नाही, पण मला कळलं की हे सगळं मामीबद्दल कमी आणि तुमच्याबद्दल जास्त आहे.

मामीनं त्याच्या हातावर हात ठेवला. ती जे बोलली ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते, कारण ते तुम्ही ऐकायला हवं होतं. "अरे, मी त्या दिवशी येता-जाता पाहूनच राहिली होती त्यायले. झोपलेलेच दिसले. डॉक्टर म्हणाले ना, कळण्यासारखं काही नव्हतंच. तू पुण्यातून काय पाहणार होता?" जरा थांबली आणि म्हणाली, "काल पहिल्यांदा त्या खोलीत जाऊन पडली मी. पहिल्यांदा डोळा लागला. कोणी माहा श्वास मोजून राहिलं असं वाटलं, तर पुन्हा लागन का?"

म्हणजे ज्या दुपारी पुण्यात हलकल्लोळ झाला, ती मामीची तुमच्या मागची पहिली झोप होती.

मला बोलावंच लागलं. मी सुहासला म्हटलं, आमच्या कामात एक ठिपका भलतीकडे पडला म्हणून विमान वळलं असं कोणी मानत नाही. आधीचे ठिपके पाहतात, पुढचा येऊ देतात. तू एका शब्दावरून आईचं घर हलवायला निघालास. आणि मग तोंडातून तुमचं वाक्य गेलं. घडीघडी पाहशील तर निरखून कधी पाहशील? वर्षभर मी ते खोडत होते आणि तुमच्याच बैठकीत, तुमच्या खुर्चीत बसून, तुमचाच हेल काढून म्हणून टाकलं. सुहासनं चमकून पाहिलं. तो हेल त्यानं ओळखला. मग तो हसला, आणि हसता हसता रडला, आणि मामी उठून आणखी चहा टाकायला गेली.

कॅमेरे खोक्यातच राहिले. ठरलं असं की रोज संध्याकाळी फोन करायचा, पण बरी आहेस ना, बरी आहे, ठेवते, असला नाही. बसून करायचा. आणि तो केतकीनं करायचा, कारण सुहासला धीर नाही हे सुहासनंच कबूल केलं.

मामीचं फोनवरचं बोलणं तुम्हाला माहीत आहे. कालचं सगळं आज पुन्हा सांगायचं आणि शेवटी आजचं थोडंसं जोडायचं. तुम्ही चिडवायचात, हिची गाडी पहिले स्टेशनावर वापस जाते मग पुढे निघते. सुहास वैतागायचा, आई, हे सांगितलंस काल. केतकी वैतागली नाही. ऐकत राहिली. आणि एक दिवस तिनंच मला फोन केला. म्हणाली, ताई, परवा आई म्हणाल्या मी गच्चीवर कपडे वाळत घातले. काल तेच सांगताना म्हणाल्या, कपडे घातले, पण खाली यायला वेळ लागला. आज म्हणाल्या, शेजारच्या मुलीनं घातले. त्यांचा गुडघा दुखतोय का? मी मामीला नेलं कॉलनीतल्याच दवाखान्यात. गुडघा सुजला होता. बाई महिनाभर घरातल्या घरात लंगडत होती आणि येता-जाता डोकावणाऱ्या मला दिसलं नव्हतं. आता व्यायाम करते, कुरकुरत का होईना.

आता तुमच्यासाठी राखून ठेवलेली गोष्ट. रविवारी पोहे खाताना हीच सांगणार होते.

आपल्या भांडणाचं उत्तर सापडलं होतं, मामा. दर वेळी पाटी कोरी करून पाहायला सुरुवात करायचीच नाही. आधीच्या पाहण्यातलं बरंचसं तसंच ठेवायचं, सगळ्यात जुनं थोडं सोडायचं आणि आत्ताचं थोडं जोडायचं. पाहणं लांबच राहतं, म्हणून निरखून होतं. आणि तरी नवं मोजमाप भराभर येत राहतं, म्हणून घडीघडीही होतं. युक्ती माझी नव्हे, आमच्या धंद्यात जुनीच आहे. मी ती आमच्या रडारला नीट बसवत होते, आणि तिची एक खोड मला छळत होती. प्रत्येक नव्या मोजमापात बहुतेक जुनंच असतं, त्याला अगदी ताजं समजलं की मशीन फाजील खात्रीनं चुकतं. त्याला सांगावं लागतं की बाबा, यातलं नवं एवढंच. तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला ठाऊक आहे. म्हणाला असतात, पोट्टी शिळं गरम करून वाढून राहिली. मी म्हटलं असतं, मामा, शिळ्यात ताजं किती ते मोजून वाढते.

केतकीचा फोन ठेवला तेव्हा लक्षात आलं की मामी रोज हेच करत होती, आणि त्यातलं ताजं किती हे केतकीनं बरोबर ओळखलं होतं. मी ऑफिसात महिनोन् महिने डोकं फोडत होते. तुम्हाला हे सांगता आलं असतं तर तुमची काय मजा झाली असती, या विचारानं मी स्वयंपाकघरात एकटीच हसले, आणि मग बराच वेळ ओट्याला धरून उभी राहिले.

मागच्या आठवड्यात अभनपुरच्या त्याच शेतात पुन्हा चाचणी झाली. तसलंच लहान विमान, तशाच घिरट्या. ते वळलं आणि पडद्यावरचंही त्याच्याबरोबर वळलं. थरथर नाही, भाजीबाजाराकडे जाणं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी सवयीनं बाजूला पाहिलं, तर भांडायला कोणी नव्हतं. डोळे भरून आले, पण मामा, मला फक्त वाईटच वाटलं असं नाही. वाटलं की हे जे वळण पडद्यावर दिसतंय त्यात तुमची ती थंडी वाजणारी थट्टाही आहे, ती गेलेली नाही. मी ती सोडलेलीच नाही.

काल दुपारी मी मामीकडे होते. जेवणं झाली, भांडी आवरली. मामी पदर सारखा करत सरळ तुमच्या खोलीत गेली आणि तुमच्या बाजूला पाठ टेकली. मी दाराशी वर्तमानपत्र घेऊन बसले. एवढ्यात फोन वाजला. केतकीचा होता. काही कामाचं विचारायचं होतं म्हणून अवेळी केलेला. मामीनं पडल्या पडल्याच स्पीकरवर टाकला. केतकीनं विचारलं, आई, काय करताय?

मामीनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिनं ते मुद्दाम म्हटलं. "काही नाही वं, पडून राहिली."

मी पेपर खाली ठेवला. मग केतकीचा आवाज आला, पुण्याच्या स्वच्छ उच्चारात, पण हो म्हणायला आपलाच शब्द जपून उचलल्यासारखा घेऊन, "हव. मग पडून राहा. मी संध्याकाळी करते."

मामी खुदकन हसली. फोन उशाशी ठेवला, कुशीवर वळली आणि पडून राहिली, मामा. आपल्या अर्थानं.